वाकळंचा चौथा कोपरा

"टाके सरळ नाहीत," असं एका बाईनं लिहिलं होतं. मी खाली उत्तर टाकलं, "हातानं घातलेत. सरळच पाहिजे असतील तर पट्टी पांघरून झोपा."

आमचे हे कपाळाला हात लावून बसले. "अगं, गिऱ्हाईक आहे ते."

"मग मी काय चोर आहे?"

माझं माहेर नळदुर्गचं, घर हायवेला चिकटून. लहानपणापासून ट्रकच्या हॉर्नवर आवाज चढवून बोलायची सवय. तामलवाडीत नांदायला येऊन इतकी वर्षं झाली तरी ती सवय तोंडातून गेली नाही, मग बोटांतून कशी जाईल? कुणी लिहिलं, "फोटोत लाल होती, आली ती विटकरी," की माझी बोटं शिवशिवायची. कुणी लिहिलं, "कापड जुनं वाटतं." अरे बाबा, जुनंच असतं! जुन्या लुगड्यांचीच असते वाकळ, म्हणून तर मऊ लागते. नव्या कापडाची घेऊन बघ, अंगाला टोचली की परत माझ्याच नावानं ओरडशील.

वाकळ म्हणजे गोधडी. आमच्याकडं वाकळच म्हणतात, पण ऑनलाइन 'गोधडी' लिहावं लागतं, नाहीतर पुण्या-नाशिकच्या लोकांना सापडत नाही. शिवतात आमच्या सासूबाई, सारजाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. गावात कुणाची लेक बाळंतपणाला आली की तिची आई जुनी लुगडी काखोटीला मारून आमच्या दारात हजर. असंच एकदा मी आत्यांच्या एका वाकळंचा फोटो टाकला, तो चार लोकांनी पुढं पाठवला, आणि विचारणा सुरू झाली. आमचे हे, म्हणजे शिवशंकर, तुळजापूरला पतसंस्थेत कारकून आहेत. त्यांनी एका साइटवर दुकान उघडून दिलं. नाव ठेवलं 'सारजा वाकळ'. फोटो काढणं, पार्सल बांधणं, लोकांना उत्तरं देणं माझ्याकडं. शिवणं आत्यांकडं.

आत्यांना अक्षर येत नाही. दुपारचा चहा झाला की सुई हातात तशीच धरून त्या विचारायच्या, "काय म्हनत्यात गं लोकं?"

मी मोबाइल उघडून वाचायची. "आजींच्या हाताची ऊब आहे," असलं काही असलं तर दोनदा वाचायची. वाकडं काही असलं तर सरळ करून वाचायची. 'टाके सरळ नाहीत'चं मी "टाके लई बारीक घातलेत म्हणतेय" करून टाकलं होतं. आत्या खूश होऊन मान हलवायच्या. कडू तेवढं मी पचवायची, गोड तेवढं त्यांना द्यायची. मला वाटायचं, मी त्यांना जपतेय. मोठी शहाणी!

आता मूळ भानगड सांगते. वाकळ शिवताना आमच्याकडं तीन कोपरे मिटवतात आणि चौथा मिटवायच्या आधी आत भाकरीचा तुकडा घालतात. वाळलेला, बोटाएवढा. वाकळंला उपाशी ठेवायचं नाही. उपाशी वाकळ पांघरणाऱ्याची झोप खाते, असं बाया म्हणतात. माझ्या लग्नातल्या वाकळंतही आहे. गावात त्याचं कुणाला काही वाटत नाही. वाकळ वरचेवर उन्हात पडते, काठीनं झोडपली जाते, आत काय उरतंय?

पण दुकान उघडलं तेव्हा मी आत्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "विकायच्या वाकळंत भाकर घालायची नाही. शहरात घरं बंद, ऊन मिळत नाही. किडे झाले तर लोक बोंबलतील."

आत्यांनी हातातला टाका पुरा केला. मग म्हणल्या, "बरं." त्यांचं 'बरं' म्हणजे 'बरं'. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यानंतर केतकी दाणी नावाच्या नाशिकच्या बाईची ऑर्डर आली. छोटी वाकळ पाहिजे होती, बाळाची. खाली लिहिलं होतं, "आमचं पहिलंच बाळ आहे. आजींना सांगा, प्रेमानं शिवा." मी ते आत्यांना वाचून दाखवलं. आत्या हसल्या. मऊसूत लुगडं शोधून काढलं, पिवळ्या काठाचं, आणि तीन दिवस दुसरं काही हातात धरलं नाही. पार्सल मीच बांधलं. बांधताना वाकळ गालाला लावून बघितली, इतकी मऊ झाली होती.

पंधरवडा गेला असेल. मी गॅसपाशी उभी, फोडणी तडतडतेय, आणि मोबाइल वाजला. नाशिकच्या बाईचा रिव्ह्यू, पाचात एकच तारा. खाली फोटो. वाकळंचा कोपरा उसवलेला, आत काळपट तुकडा, त्याच्याभोवती मुंग्या.

"कोपऱ्यात टणक काहीतरी लागत होतं म्हणून उसवून पाहिलं," असं लिहिलं होतं. "आत अन्नाचा कुजका तुकडा आणि मुंग्या. चार महिन्यांच्या बाळासाठी घेतली होती. लोक प्रेमाच्या नावाखाली काहीही विकतात. शी."

फोडणी जळाली. मी गॅस बंद केला आणि तशीच अंगणात गेले. आत्या लिंबाखाली पटकुरावर वाकळ पसरून बसल्या होत्या.

"आत्या, नाशिकच्या वाकळंत भाकर घातली तुम्ही?"

त्यांनी सुई थांबवली. खोटं बोलायचं त्यांना जमतच नाही. "व्हय," म्हणल्या. "तेवढ्या एकीतच. बाकी कशात न्हाय घातली, आईशप्पत. पन लेकराची पैली वाकळ. तिला उपाशी कशी धाडावी? भाकरीला गूळ लावून घातली वाईच."

गूळ! म्हणजे साध्या भाकरीवर भागलं नाही, लेकराची म्हणून गोड करून घातली. मुंग्यांना आवतणच दिलं की! माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही, पण शेवटचं सांगते, कारण तेच वाईट होतं. मी म्हणलं, "आता तुमच्या हातची वाकळ कुत्रं बी अंगावर घेणार नाही."

आत्यांनी सुई कापडात टोचली, वाकळंची घडी केली, दांडीवर टाकली आणि घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारची जगदेवी तिची वाकळ घेऊन आली, दोघी जोडीनं बसायच्या रोज. आत्या म्हणल्या, "माझं शिवनं झालं आता." जगदेवीनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. त्या दिवशी दुपारी चहा झाला, पण 'काय म्हनत्यात लोकं' असं कुणी विचारलं नाही. बरं झालं, कारण लोक जे म्हणत होते ते सरळ करून वाचायला माझ्याकडं अक्कल उरली नव्हती. फोटो इकडून तिकडं फिरला. ऑर्डरी रद्द व्हायला लागल्या. साइटवाल्यांचा निरोप आला की तक्रारीचा निकाल लावा, नाहीतर दुकान बंद करू.

दुकानाचं मला दुःख होतं, नाही असं नाही. पण दुकान गेलं तर आणखी एखादा धंदा काढता येतो. दांडीवर ती अर्धी वाकळ लोंबकळत होती आणि आत्या रिकाम्या हातानं भिंतीला टेकून बसत होत्या, ते मला बघवत नव्हतं. जिनं अख्ख्या गावाला पांघरूण घातलं ती बाई माझ्या एका वाक्यानं बसली होती.

ह्यांनी तोडगा काढला. "लिहून टाक, पार्सल वाटेत फाटलं असेल, उंदरानं काहीतरी ओढून नेलं असेल आत. असुविधेबद्दल क्षमस्व. विषय संपला."

"उंदीर टाके घालतो का परत?"

"मग फोन कर आणि भांड," हे वैतागून म्हणाले.

मी भांडायलाच फोन लावला, खरं सांगते. भाषण तयार होतं. आमच्या पद्धतीतलं तुम्हाला काय कळतंय, आमच्या आत्यांनी बाळाच्या तोंडी गूळ घातला आणि तुम्ही त्याला 'शी' म्हणता, वगैरे. ओसरीच्या पायरीवर बसून मी नंबर फिरवला. पलीकडून आवाज आला, "तामलवाडीची वर्षा बोलतेय, सारजा वाकळची," एवढं मी म्हणलं, आणि भाषण सुरू करायच्या आत ती बाई बोलायला लागली.

"त्याच्या मानेवर चावल्या," ती म्हणाली. "कानामागं पण. रात्रभर रडत होता. आम्हाला कळेना का रडतोय. दूध देऊन पाहिलं, पोट चोळून पाहिलं. मला वाटलं थंडी वाजतेय. मी त्याला तीच गोधडी आणखी घट्ट गुंडाळत होते. कळतंय का तुम्हाला? मी. माझ्या हातानं."

माझं भाषण तिथंच जिरलं. रिव्ह्यूत हे काही नव्हतं. रिव्ह्यूत नुसता राग होता, आणि रागाला राग द्यायला मला फार अक्कल लागत नाही. पण हे ऐकल्यावर काय द्यायचं?

"ताई, चुकलं आमचं," मी म्हणलं. माझ्या तोंडून हे शब्द इतक्या लवकर कधी निघाले नव्हते. "वाकळ परत पाठवा. पैसे तर परत करतेच, पण..."

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "ते आत कुणी घातलं? आणि का? चेष्टा होती का ती?"

आता इथं मी काहीही सांगू शकले असते. फोन ठेवून आत्यांना सांगितलं असतं, "निवळली हो ती बाई, राग गेला तिचा." नेहमीसारखं. पण हा प्रश्न मला नव्हताच. ज्यांना होता त्या आत भिंतीला टेकून बसल्या होत्या.

मी उठले, आत गेले, फोनवर हात ठेवून त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "आत्या, नाशिकची बाई आहे. बाळाला मुंग्या चावल्या. रात्रभर रडलं म्हणं."

आत्यांचं तोंड असं उतरलं की मला वाटलं, कशाला सांगितलं. क्षणभरच. मग त्यांनी हात पुढं केला. "आन हिकडं."

फोन त्यांना कानाला नीट धरता येत नाही, म्हणून मी स्पीकर लावून मधे धरला.

"बाई, मी सारजाबाई. म्याच घातली गूळ-भाकर. लेकरू लई रडलं का?"

पलीकडून आलं, "हो."

"कुठं चावल्या?"

"मानेवर. कानामागं."

"सूज हाय का अजून?"

"नाही. आता बरा आहे."

"माझ्या हातानं झालं, बाई. ह्या सुनेनं मला आधीच सांगितलं हुतं, घालू नगा म्हनून. म्या ऐकलं न्हाय. बोलायचं आसंल ते मला बोल, तिला नगं."

"पण का घातलंत, आजी?"

"उपाशी वाकळ लेकराला द्यायची न्हाय आमच्यात. आन तू म्हनली हुतीस ना, पिरमानं शिवा." आत्या मोबाइलजवळ सरकल्या. "लेकराची म्हनून गूळ लावला. गुळानंच घात केला."

मला वाटलं, आता ती बाई विरघळेल. नाही विरघळली. म्हणाली, "आजी, तुमच्या मनात वाईट नव्हतं हे कळलं. पण मला राग आहे अजून."

"आसू दे," आत्या म्हणल्या. "आसायलाच पायजे. लेकराच्या आईला राग न्हाय येनार तर कुनाला?"

इतके दिवस मी लोकांच्या रागाला पट्ट्या नि टोमणे देत होते. आत्यांनी त्याला बसायला पाट दिला.

बाळाच्या कुरकुरण्याचा आवाज आला. केतकीताई त्याला थोपटत असाव्यात, आवाज हळू झाला. "परत पाठवणार होते मी गोधडी. पण त्याला दुसरं काही चालतच नाही आता. गरम पाण्यात धुतली, गच्चीत उन्हात टाकली, आणि तीच घेऊन झोपतो. आवडली नसती ना, तर एवढं लिहिलंच नसतं मी. आवडली होती म्हणून इतका राग आला." मग थांबून म्हणाल्या, "तो कोपरा तसाच उघडा आहे. मला शिवता येत नाही. तुमच्याकडं पाठवू का?"

"नगं. तूच शिव."

आणि आत्यांनी फोनवरच शिकवलं. काठ आत दुमड, दोरा दुपदरी घे, टाका बारीक घाल, गाठ आतल्या अंगाला जाऊ दे, लेकराला लागता कामा नये. नाशिकच्या बाईनं दोनदा विचारून घेतलं. शेवटी ती म्हणाली, "आणि आत? काही घालायचं का?"

आत्यांनी पदराचा कोपरा बोटात धरला. "काय बी घालू नगं," म्हणल्या. "माझी सांगायची हिंमत न्हाय आता."

फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडं वळल्या. "तिनं काय लिव्हलंय ते वाच. सगळं."

मी वाचलं. अक्षर न अक्षर. 'शी' सुद्धा.

"आता बाकीच्यांचं."

"बाकीच्यांचं तर तुम्हाला रोज..."

"वर्षे, आईक. त्या बाईला राग आला आन तिनं मला सांगितला, तवा मला कळलं लेकराला काय झालं ते. बाकीचे बी मलाच सांगत आसतील. तू मधीच गिळतीस."

मी पहिल्यापासून सगळे काढून वाचले. टाके वाकडे. रंग वेगळा. एका बाजूला जड, एका बाजूला हलकी. दोरा सुटला. वाचताना मलाच घाम फुटला. आत्या ऐकत होत्या, मधेच म्हणायच्या, "खरं हाय, डाव्या डोळ्याला कमी दिसतंय." नाहीतर, "हे खोटं, ही वाकळ जगदेवीनं बी बघितली हुती." कुठंही रडल्या नाहीत. मी ज्यांना इतकं जपत होते त्यांना जपायची काही गरजच नव्हती.

मी मग त्या एका ताऱ्याखाली लिहिलं, "भाकर आम्हीच घातली होती. आमची पद्धत आहे, पण विकायच्या वाकळंत ती घालायला नको होती. बाळाला त्रास झाला. चूक आमची आहे." ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "असं कुणी लिहितं का? दुकान राहील का अशानं?" मी म्हणलं, "राहिलं तर राहील." साइटवाल्यांनी दुकान बंद केलं नाही. पण ऑर्डरीही काही धो धो आल्या नाहीत.

आणि आत्या शिवायला बसल्या नाहीत. बोलायच्या, हसायच्या, भाकरी थापायच्या. मी एकदा दांडीवरची वाकळ काढून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी तिच्यावरनं हात फिरवला आणि परत दांडीवर टाकली. "कोपऱ्याला आलं की हात थांबंल माझा," म्हणल्या. "मोकळी मिटवता येत न्हाय आन भरता बी येत न्हाय." मी माफी मागितली, त्या कुत्र्याच्या बोलण्याची. "त्ये कवाच इसरले मी," म्हणल्या. म्हणजे माझ्या बोलण्यामुळं अडलं नव्हतं. त्यांना स्वतःच्या हाताचीच भीती बसली होती. आणि त्याला मी काय करणार? जन्मात पहिल्यांदा कुणाशी भांडावं तेच मला कळेना.

एक दिवस दुपारी केतकीताईंचा निरोप आला. फोटो होता. कोपरा मिटवलेला. टाके असे की कोंबडीनं चालत जावं. खाली लिहिलं होतं. मी आत्यांसमोर बसून वाचलं, जसंच्या तसं.

"आजी, कोपरा शिवला. रिकामा मिटवायला नको वाटलं. त्याचं पहिलं झबलं आता त्याला होत नाही, त्याचा तुकडा आत घातला. कापडाला मुंग्या येणार नाहीत ना? असं चालतं का तुमच्यात?"

आत्यांनी मोबाइल हातात घेतला. अक्षर येत नाही तरी त्या फोटोकडं कितीतरी वेळ बघत होत्या. अंगठा लागून फोटो मोठा झाला, बारीक झाला.

"झबलं," म्हणल्या. "इतकी वर्सं झाली मला शिवताना, कवा सुचलं न्हाय गं."

माझं ध्यान मात्र दुसरीकडं होतं. मी मोबाइल घेऊन दुकानाचं पान उघडलं. अजून एकच तारा होता. खालचं 'शी' पण तसंच. मला चीड आली. एवढं प्रेमाचं लिहिते आणि तारा काही वाढवत नाही! "आत्या, एकच ठेवलाय अजून तिनं. मी लिहू का तिला?"

"काय लिव्हतीस? ऱ्हाऊ दे. लेकराला चावल्या त्या चावल्याच." त्यांनी पदरानं डोळे पुसले. मुंग्यांचं ऐकून रडल्या नव्हत्या, सगळे कडू रिव्ह्यू ऐकून रडल्या नव्हत्या, आणि आता डोळे थांबत नव्हते. "एवढं झालं, वर्षे. माझ्या हातनं तिच्या लेकराला एवढं झालं. तरी तिनं मला इचारलं, चालतं का म्हनून. मला इचारलं तिनं."

"लिव्ह तिला, चालतं म्हनून," त्या म्हणल्या. मी नुसतं 'चालतं' लिहिलं आणि पाठवलं.

आत्यांनी हात वर करून दांडीवरची वाकळ ओढली, मांडीवर घेतली, आणि कापडात टोचून ठेवलेली सुई चाचपून काढली. "हिच्यात दोरा घाल गं," म्हणल्या. "लांब घाल."